कपाटावरचं स्टूल

१

ताईंनी बेटावरच्या संग्रहालयाचं कुलूप काढलं, दार ढकललं आणि त्या उंबऱ्यातच थांबल्या. त्यांच्या मागे साहेब, साहेबांच्या मागे मास्तर आणि भाऊजी, आणि सगळ्यांत शेवटी आम्ही दोघं पाहुणे, मी आणि माझ्या सासूबाई. ताईंच्या खांद्यावरून सगळ्यांना एकच गोष्ट दिसली. तुळईचा आकडा रिकामा होता.

घंटा गेली होती. शाळा सुटताना वाजवतात तसली टीचभर घंटा नव्हे. बुडालेल्या जहाजाची, पितळेची, उचलायला दोन माणसं लागतील अशी ती घंटा, जिच्यासाठी लोक बोटीत उलट्या करत या बेटावर येतात. संग्रहालयाची देखभाल करणाऱ्या ताई रोज सकाळी स्टुलावर चढून ती पुसायच्या. आज ती खोक्यात बसून खाडीपलीकडे, शहरातल्या मोठ्या संग्रहालयात जाणार होती. तिथले साहेब तेवढ्यासाठीच आदल्या दिवशी आले होते. भुसा भरलेलं खोकं दाराशी तयार होतं आणि त्यात घालायला काही नव्हतं.

नीट दिसावं म्हणून मी पुढे घुसलो आणि गुंडाळल्या गेलेल्या काथ्याच्या चटईला अडखळून सपशेल आडवा झालो. माझ्या आयुष्यातले महत्त्वाचे क्षण असेच साजरे होतात. आमच्या गेस्ट हाऊसचे मालक भाऊजी धावत आले. "जपून हो, जपून," म्हणत त्यांनी मला उठवलं, माझी पॅन्ट झटकली, चटई झटकन पसरली आणि मला तिच्यावरच उभं केलं. माणूस मोठा अगत्याचा.

"चोरांनी काय दशा केलीय बघा खोलीची," साहेब म्हणाले.

खोली विचित्र दिसत होती खरी. एका भिंतीशी बुडणाऱ्यांना वाचवायला जाणारी जुनी होडी ताडपत्रीखाली होती, तशीच. समोर माणसाच्या डोक्यापेक्षा उंच कपाट. त्या कपाटाच्या डोक्यावर ताईंचं स्टूल, केराची टोपली, दाराला लावायचा ठोकळा आणि खलाशांचे जुने रबरी बूट. खालच्या फळीवरच्या तसबिरी टेबलावर रचलेल्या.

"दशा?" सासूबाई पुटपुटल्या. ऐकणारा मी एकटाच होतो, आणि माझं लक्ष गुडघ्याकडे होतं.

साहेबांनी खिडक्या हलवून पाहिल्या. खाऱ्या हवेने त्या केव्हाच चौकटीत रुतून बसल्या होत्या. दाराचं कुलूप शाबूत होतं.

"किल्ल्या किती आहेत?"

"एकच," ताई म्हणाल्या.

"कुठे असते?"

"माझ्या कमरेला. झोपताना उशाखाली."

"मग बाई, तुम्हीच सांगा."

ताईंनी एकदा कपाटाच्या वर पाहिलं. मग मान खाली घातली. "किल्ली माझ्याकडेच होती. दुसरं काय सांगू?"

साहेबांनी हात पुढे केला. ताईंनी कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली. संध्याकाळच्या बोटीआधी या संग्रहालयाचा, म्हणजे जुन्या बचाव ठाण्याचा, ताबा द्यायचा आणि मागची राहायची खोलीही रिकामी करायची, असं साहेबांनी सांगितलं. पोलिसांचं पुढचं पुढे. नवरा गेल्यापासून ती दीड खोली हेच ताईंचं घर होतं.

२

आता आम्ही तिथे काय करत होतो ते सांगतो. सुट्टी बायकोने ठरवली होती. आयत्या वेळी तिच्या ऑफिसने तिला अडकवलं आणि "आईला एकटीला कसं पाठवायचं?" या एका वाक्यावर मी सासूबाईंसोबत आठ दिवसांच्या सहलीला निघालो. सासूबाईंची अख्खी नोकरी विमा कंपनीत गेली. जळालेली गोदामं, बुडालेल्या गाड्या, 'आपोआप' फुटलेल्या काचा तपासायच्या आणि खोटा दावा असला तर परत पाठवायचा. अशा बाईसमोर जावयाने जेवण आवडलं म्हणायचं तरी पुरावा लागतो.

बेट मात्र सुरेख. समुद्र आणि खाडी यांच्या मध्ये आडवी पडलेली वाळूची लांबच लांब पट्टी. रुंदी एवढीच की खाडीकाठी शिंकलं तर समुद्रकाठी ऐकू जावं. इथली वाळू एका जागी बसत नाही. समुद्र पुढून खातो आणि वारा मागे नेऊन टाकतो, म्हणून घरं लाकडी खांबांवर उभी. बचाव ठाण्याची इमारतही एकदा ओंडक्यांवरून घरंगळत मागे आणलेली. जुन्या काळी इथे खलाशांना वाचवणारी टोळी राहायची. आता तिथे संग्रहालय.

"जावईबापू," सासूबाई गेस्ट हाऊसच्या ओसरीवर बसत म्हणाल्या, "चहा सांगा. आणि साहेबांना बोलवा."

"आई, आपण सुट्टीवर आहोत."

"मग? सुट्टीत डोळे बंद ठेवू? चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय तिकडे."

साहेब आले. बोट लागल्याचा हिरवा रंग त्यांच्या चेहऱ्यावर अजून होता आणि हातात लिंबू होतं. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट माणसं इतकी दमलेली नसतात.

"मला हौस आहे का घंटा न्यायची?" ते म्हणाले. "गेल्या वेळी मी स्वतः पाहणी केली. पुढचं मोठं वादळ आलं की ती इमारत खांबांवरून उचलली जाईल. पोकळ लाकडी डबा आहे तो. बाईंना स्पष्ट विचारलं, पाणी आत शिरू नये म्हणून काही सोय आहे का? म्हणाल्या, काही नाही. मास्तरांना विचारलं. तेच. मग मी काय करू? नियमाप्रमाणे वस्तू हलवायलाच हवी."

"असं शब्दशः विचारलंत? पाणी आत शिरू नये म्हणून?"

"अगदी असंच. का?"

"काही नाही. इमारतींवर लोकांचा जीव असतो. तुमचा आहे का?"

साहेबांनी लिंबू हुंगलं. "मी मूळचा बांधकामाचा माणूस. ते ठाणं तोडायला काढतील त्या दिवशी मी रजा टाकणार आहे."

ते गेल्यावर सासूबाईंनी कपातली साय बाजूला काढली. मग म्हणाल्या, "चोर ओरबाडतो, जावईबापू. चोर आवरून ठेवत नाही."

३

मास्तरांचं घर शेवटच्या वाळूच्या टेकडीमागे. निवृत्त शिक्षक, ताडमाड उंच, आणि पाहुण्यांना बेटाचा इतिहास सांगण्याचं व्यसन. घंटा नेण्याला सगळ्यांत मोठा विरोध त्यांचा. "माझ्या मढ्यावरून जाईल घंटा," हे ते बोटीवरच्या प्रत्येक माणसाला सांगून चुकले होते. त्यामुळे माझा संशय त्यांच्यावर पक्का होता.

"त्या धुक्यात जहाज वाळूत रुतलं," मास्तर आम्ही न विचारताच सुरू झाले. "दिसत काही नव्हतं. नुसती घंटा ऐकू येत होती. आमचे खापरपणजे त्या आवाजावर होडी वल्हवत गेले आणि सगळे जीव काढून आणले. जहाज फुटलं, घंटा किनाऱ्याला लागली. मग पिढ्यान्‌पिढ्या धुकं पडलं की इथून ती वाजायची, आमच्याच होड्या घरी याव्यात म्हणून. संग्रहालय झाल्यापासून मुकी झाली बिचारी. वस्तूला हात लावू नये म्हणे."

"काल संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?" सासूबाईंनी विचारलं.

मास्तर माझ्याकडे बघून हसले. "यांना विचारा."

माझा संशय तिथेच वारला. वाऱ्याने बाहेर उभं राहवेना म्हणून संध्याकाळभर मी आणि मास्तर गेस्ट हाऊसमध्ये पत्ते खेळत होतो. मास्तर एकदा जागचे हलले नाहीत. हलले असते तर मी एखादा डाव जिंकलो असतो.

"जेवायला किती उशीर झाला काल," सासूबाई म्हणाल्या. "भाऊजी होड्या बांधायला गेले होते ना वाऱ्यात?"

"काल संध्याकाळी? छे हो. वारा सुटणार हे सकाळीच कळलं होतं. होड्या आम्ही दुपारीच वर ओढल्या. दोर मी स्वतः..." मास्तर मध्येच थांबले. बोललेलं परत गिळता येत नाही, हे वर्गात अनेकदा सांगितलेल्या माणसाचा चेहरा झाला त्यांचा.

"ताईंना घालवू नका हो," ते एकदम हळू आवाजात म्हणाले. "ती बाई गेली तर ठाण्याला कुलूप लागेल. कुलूप लागलं की पाहुणे नाहीत, पाहुणे नाहीत की बोट नाही. मग आम्ही इथे कशाच्या जोरावर राहायचं?"

"मग मला सांगा, कुलूप न उघडता त्या खोलीतून बाहेर कसं पडायचं?"

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. अख्खं आयुष्य बडबडण्यात घालवलेला माणूस गप्प बसला की फार मोठा आवाज होतो.

४

ताई सामान बांधत होत्या. सामान ते काय, चार पातेली आणि नवऱ्याची तसबीर. बाई जेमतेम माझ्या खांद्याला लागतील एवढ्या.

"काकू, बसा ना. चहा टाकते. अजून गॅस बांधला नाही."

चहाचा डबा वरच्या फळीवर होता. ताईंनी ओट्यावर गुडघा टेकला, त्यावर चढल्या, डबा काढला, उतरल्या. सासूबाई बघत होत्या.

"ताई, मी आयुष्यभर खोटं बोलणारी माणसं पाहिलीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही खोटं बोलत नाही आहात. तुम्ही गप्प बसताय. त्यात फरक आहे."

"गप्प बसायला पैसे पडत नाहीत, काकू."

"पडताहेत की. घर जातंय तुमचं."

ताईंचा हात साखरेच्या डब्यावर थांबला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी ते ओघळू दिलं नाही. "हे गेले तेव्हा माझ्या पाठीशी एक माणूस उभं राहिलं," त्या म्हणाल्या. "एकच. आता त्याच्यावर बोट दाखवून मी दीड खोली वाचवू? त्यापेक्षा पलीकडे जाईन. धुणीभांडी करीन."

"ते माणूस कोण, ते मी विचारत नाही."

"नका विचारू."

सासूबाईंनी चहा संपवला, बशी धुवून ठेवली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "ताईंनी केलेलं नाही. आता पुरावाही आहे."

"कोणता?"

"तुमच्या डोळ्यांदेखत चहाचा डबा निघाला, जावईबापू. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

मला काहीच कळलं नव्हतं. आठवडाभर सासूबाईंबरोबर राहायचं होतं म्हणून मी होय होय केलं.

५

गेस्ट हाऊसवर परतलो आणि चपला काढताना माझा अंगठा पलंगाखालच्या लोखंडी कडीवर सडकून आपटला. आल्यापासून हे नेहमीचंच. सासूबाईंनी वाकून पाहिलं, मग चक्क जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पलंग सरकवा."

कडी फळ्यांमध्ये बसवलेली होती. तिच्याभोवती चौकोनी फट, आणि एका कडेला जाड खिट्टी. जमिनीत चक्क दार होतं!

"भाऊजींना हाक मारा."

भाऊजी म्हणजे ताईंचे धाकटे दीर. ताई त्यांना भाऊजी म्हणतात म्हणून सगळं बेट भाऊजी म्हणतं. दारात आले तर चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकले. जमिनीकडे लक्ष जाताच त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय आहे हो?" सासूबाईंनी अगदी भोळेपणाने विचारलं.

"झडप. जुनी पद्धत आहे. पाणी चढलं की उघडायची."

"आत आलेलं पाणी बाहेर सोडायला?"

"नाही. आत घ्यायला." भाऊजींना सांगणं भाग होतं. "भरती घराखाली आली आणि घर रिकामं असलं, तर ते खांबांवरून उचललं जातं. रिकामं पातेलं तरंगतं ना, तसं. म्हणून आपणच झडप उघडायची, पाण्याला म्हणायचं, ये बाबा. घर भरलं की जड होतं, जागेवर बसतं. ओहोटीला पाणी आल्या वाटेने जातं. मग चिखल काढायचा, झालं."

"घरोघरी असते?"

भाऊजी घुटमळले. "असते."

"मला बघायचीय उघडून. दाखवाल?"

भाऊजींनी सुस्कारा सोडला. पुढे झाले. माझ्या चपला उचलून कपाटावर ठेवल्या. माझी बॅग उचलली, कपाटावर ठेवली. केराची टोपली ठेवली. सासूबाईंची शंखशिंपल्यांची पिशवी उचलली, तिच्यासाठी जागा केली, तीही ठेवली. मग गुडघ्यावर बसून कडीला हात घातला.

आणि तसेच राहिले.

हळूहळू त्यांनी मान वर केली. कपाटावर रांगेने बसलेल्या माझ्या चपलांकडे, टोपलीकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे.

"लहानपणापासूनची सवय असेल," सासूबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "पाणी येणार, आधी खालचं वर. हात आपोआप करतात. तिथेही केलं त्यांनी. घाईत होते, चोरी करत होते, पाणी कुठे नव्हतं, तरी केलं."

भाऊजी खाली बसले. मोठा, थोराड माणूस, दोन्ही हातांत तोंड घेऊन बसला.

"मला वाटलं, घंटा सापडली नाही की साहेब हात हलवत जातील," ते म्हणाले. "घंटा राहिली तर वहिनीचं काम राहील. एकाच किल्लीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. मला कशाला किल्ली आठवेल? मी कुठे दारातून गेलो होतो!" मग त्यांचा आवाज फाटला. "सकाळपासून जीव जळतोय माझा. खरं बोललो तर घंटा जाईल, तिच्यामागे ठाणं जाईल. नाही बोललो तर वहिनी जाईल. तुम्हीच सांगा काकू, काय करू?"

इकडे आड, तिकडे विहीर. बाहेर खाडीत बोटीचा भोंगा वाजला. संध्याकाळची बोट आली होती.

सासूबाई उठल्या आणि पदर खोचला. "चला ठाण्यावर. खरं तर तुम्ही बोलायचंच आहे. पण त्याआधी मला साहेबांशी दोन शब्द बोलू द्या."

६

सगळे पुन्हा त्याच खोलीत जमलो. ताई गाठोडं घेऊन दाराशी उभ्या होत्या. मास्तर भिंतीला टेकून, भाऊजी सगळ्यांच्या मागे. साहेबांचं लक्ष बोटीकडे.

"साहेब, चोर उंच आहे," सासूबाईंनी सुरुवात केली. "ते बघा, स्टूल कपाटावर आहे. ताईंनी ते तिथे ठेवायचं तर चढायला स्टूल हवं. आणि स्टूल तर वर, टेबल तसबिरींनी भरलेलं. बुटक्या माणसाला हे जमायचं नाही."

साहेबांनी कपाटाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, परत कपाटाकडे पाहिलं. सकाळपासून आम्ही सगळ्यांनी ते स्टूल पाहिलं होतं, आणि एकालाही दिसलं नव्हतं.

"बरं, चोर आत कसा राहिला? होडीच्या ताडपत्रीखाली. ताई रोजच्यासारखं कुलूप लावून गेल्या. बाहेर कसा पडला? आमचे जावईबापू सकाळी इथे पडले तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघत होते. मी त्यांना नेहमीच बघते, म्हणून मी चटईकडे बघत होते. ती गुंडाळलेली होती. कोणीतरी घाईने पसरली. पण उलटी पसरली. बघा, उन्हाने विटलेली कड खिडकीशी हवी, ती भिंतीशी आलीय. जावईबापू, उचला."

मी चटई ओढली. खाली फळ्या, फळ्यांत चौकोनी फट, मध्ये बसलेली कडी. आणि आतून घालायची खिट्टी मागे सरकलेली.

"माणूस इथून खाली गेला," सासूबाई म्हणाल्या, "म्हणून खिट्टी उघडी राहिली आणि चटई गुंडाळलेली. खालून ती दोन्ही कामं होत नाहीत."

साहेब गुडघ्यावर बसले. कडी धरून त्यांनी झडप उचलली. खाली संध्याकाळच्या उजेडात वाळू दिसली, वाऱ्याने सारखी केलेली. त्यांनी खाली वाकून हात घातला, चाचपलं, आणि बोटांनी वाळू बाजूला केली. पितळ चमकलं.

"इथे!" साहेब ओरडले. "घंटा इथेच आहे! काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"कप्पी होडीत होतीच," मागून आवाज आला. भाऊजी पुढे आले. "तुळईला बांधून खाली सोडली. मी केलं साहेब. वहिनीला काही माहीत नव्हतं. मला न्या."

"होतं माहीत," ताई म्हणाल्या. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. "स्टूल बघितल्याबरोबर कळलं मला. दर वादळात माझ्या घरातलं सामान तुम्हीच वर चढवता ना? आणि दर वेळी माझं स्टूल वर ठेवून जाता. शंभरदा सांगितलंय."

साहेबांचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. ते झडपेच्या कडा बोटाने चाचपत होते. "ही कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"ताई, सांगा," सासूबाई म्हणाल्या.

ताईंनी सांगितलं, ये बाबा म्हणण्यापासून चिखल काढण्यापर्यंत. साहेब ऐकत गेले, आणि त्यांचा हिरवा चेहरा हळूहळू माणसासारखा झाला.

"म्हणजे इमारत तरंगतच नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "इतकी वादळं ती उभी राहिली ती नशिबाने नाही. अहो, मग मला का सांगितलं नाहीत? मी स्पष्ट विचारलं होतं, पाणी आत येऊ नये म्हणून काय सोय आहे?"

"काही नाही, असंच सांगितलं ना," ताई म्हणाल्या. "ते खरंच आहे. पाणी येऊ नये असं आम्ही कधी केलंच नाही."

मग साहेब हसायला लागले. झडपेच्या कडेला पाय सोडून बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मास्तरही हसले. भाऊजींना हसावं की रडावं कळेना, त्यांनी दोन्ही केलं.

"आणि पाण्याने घंटेचं काही बिघडेल का?" सासूबाईंनी विचारलं.

"घंटेचं?" साहेबांनी डोळे पुसले. "समुद्रातूनच आली की ती."

७

घंटा वर काढायला सगळे लागलो. मीही दोर ओढला, निदान दोराला हात लावला. साहेबांनी आकड्याची गाठ स्वतः तपासली. मग ते भाऊजींकडे वळले.

"चोरी झाली म्हणायचं तर वस्तू इमारतीबाहेर जायला हवी," ते म्हणाले. "ही तर इमारतीखालीच होती. वस्तू जागेवर आहे, मी एवढंच सांगणार. पण पुन्हा असं केलंत ना, तर मी विसरेन की मी बांधकामाचा माणूस आहे."

"आणि घंटा?" मास्तरांनी विचारलं.

"माझी पाहणी चुकली. चुकीचा प्रश्न विचारला मी. घंटा इथून हलवायचं कारण राहिलं नाही, असं वरिष्ठांना तोंडावर सांगेन. पटलं नाही तर त्यांना इथे घेऊन येईन आणि झडप दाखवीन. बोट लागेल त्यांना. लागू दे."

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि ताईंच्या हातावर ठेवली. सकाळी जसा हात पुढे केला होता, तसाच. ताईंनी ती कमरेला खोचली आणि गाठोडं उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवलं.

साहेब रिकामं खोकं घेऊन बोटीकडे निघाले तेव्हा सासूबाईंनी त्यांना थांबवलं. मोकळं खोकं न्यायचं म्हणजे जागेची नासाडी, म्हणून आपली शंखशिंपल्यांची पिशवी त्यांनी भुशात बसवली आणि लेकीचा पत्ता दिला. आठ दिवस ती पिशवी मलाच वाहायची होती. त्या क्षणी मला सासूबाईंबद्दल जे वाटलं ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

बोट सुटली. खाडीवर पातळ धुकं उतरायला लागलं होतं. ठाण्याच्या दारात ताई भाऊजींना म्हणाल्या, "आता एवढे दोर ओढलेत, तर अजून एक ओढा. वाजवा."

"वाजवू? हात लावायचा नाही असं..."

"धुकं पडलंय. साहेब बोटीत आहेत. वाजवा म्हणते ना."

भाऊजींनी दोर ओढला. आवाज आला तो आधी पायांखालच्या फळ्यांतून, मग छातीतून, मग खाडीवरून दूर जात राहिला. मास्तरांनी टोपी काढली. बोटीवरून भोंग्याने उत्तर दिलं. मास्तरांसारख्या बोलक्या माणसाला रडताना बघून मीही बाहीने नाक पुसलं. सासूबाईंनी न बोलता माझ्या हातात रुमाल दिला. दावा मंजूर झाला असावा.

आत आलो तेव्हा घंटा अजून हलकेच झुलत होती. तिच्या कडेला वाळू चिकटलेली होती. ताई फडकं घेऊन तिच्याखाली उभ्या राहिल्या, वर पाहिलं, मग कमरेवर हात ठेवून वळल्या.

"भाऊजी."

"काय वहिनी?"

"माझं स्टूल."

भाऊजी धावले. हात वर करून त्यांनी कपाटावरचं स्टूल काढलं, सदऱ्याने पुसलं आणि घंटेखाली नीट टेकवून ते हलू नये म्हणून धरून उभे राहिले. ताई त्यावर चढल्या आणि घंटा पुसू लागल्या.